काठावरची कचेरी

रामकृष्णहरी मंडळी! बुक्का लागला, हार गळ्यात पडला, पेटीवाले काका चहा घेऊन ताजेतवाने झाले — चला, आता उत्तररंग! पण आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्याने देऊ नका, नवरा-बायको शेजारी बसलेत, इथेच जुंपायची!

प्रश्न असा. ‘मी सगळ्यांना सारखंच वागवतो’ असं जो म्हणतो — तो खरंच सारखं वागवतो का? आता तो खोटं बोलत नाही बरं! अगदी मनापासून बोलतो. सासू म्हणते, मला दोन्ही सुना सारख्या. गुरुजी म्हणतात, मला सगळी मुलं सारखी. आणि सरपंच? तो तर भाषणच तिथून सुरू करतो! मग मला सांगा, करपलेली भाकरी नेहमी एकाच पानात का येते? वाढणारा कोण? तोच की! सारखं वागवणारा!

तर ऐका. आजची कथा पुराणातली नाही. कॉम्प्युटरातली आहे! हसू नका. देवाने खांबातून यायला कमी केलं नाही, त्याला कॉम्प्युटरातून यायला काय अडचण?

वारवली नावाचं गाव. शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही, कथेपुरतं आहे. समुद्रकाठचं गाव. वरच्या अंगाला देऊळ, बाजार, पर्यटकांच्या गाड्या लावायची जागा, बाळशेट सुर्व्यांचं लॉज. खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी, खालची वाडी. तिथे मासेमारीवाले. बायका किनाऱ्यावर मासळी वाळवतात. त्या वाडीचं अगदी शेवटचं घर यमुनाबाय डोर्लेकरणीचं. विधवा बाई. मुलगा रत्नागिरीत नोकरीला.

आणि समुद्र काय करत होता? खात होता! दरवर्षी थोडा थोडा किनारा खात होता. यमुनाबायच्या अंगणातली विहीर गेली, कुंपण गेलं, आता ओटीच्या पायरीला पाणी लागायला लागलं. मुलगा म्हणे, “आये, पुरे झालं. घर सोड, माझ्याकडे चल.” ती म्हणे, “बंधारा होणार हाय म्हणतात. ह्या वर्सात झाला तर ऱ्हातंय. नाय झाला तर येतंय बाबा तुझ्या दोन खोल्यांत.” म्हणजे बघा, त्या बाईचं घर राहणार की जाणार, ते त्या बंधाऱ्यावर होतं.

बंधारा मंजूर झाला होता हो! पण अर्ध्या किनाऱ्याला पुरेल एवढाच. मग सुरू कुठून करायचा? सरपंच विश्राम नागवेकर म्हणाले, “वरून करू. देऊळ आहे, बाजार आहे. खालच्या वाडीचं पुढच्या टप्प्यात बघू.”

पुढचा टप्पा! मंडळी, सरकारी भाषेत ‘पुढचा टप्पा’ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. सासरी निघालेल्या मुलीला ‘लवकर ये हो’ म्हणतात ना, तेवढाच त्याला अर्थ!

आता विश्रामराव वाईट माणूस होते का? मुळीच नाही. सज्जन! कुणाच्या चहाचेसुद्धा मिंधे नाहीत. रात्री शांत झोप लागायची त्यांना. आणि अशा या सज्जन माणसाचा, ठराव मांडायच्या ऐन महिन्यात, शेवाळावरून पाय घसरला आणि हाड मोडलं. प्लास्टर! खाटेवर! सरपंच खाटेवर म्हणजे काय हो? घरादाराला शिक्षा! ‘पंखा हलतोय का’, ‘आमटीत मीठ कोणी घातलं’, ‘दारात कोण आलं, मला का सांगितलं नाही’...

भेटायला यमुनाबाय आली. हातात सोड्यांची, वाळल्या कोळंबीची पुडी. म्हणाली, “विश्राम, पाय कसा हाय? नि बंधाऱ्याचा काय?”

“यमुनाबाय, माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. मला सगळं गाव सारखं. पण सामानच पुरत नाही, मी तरी काय करू?”

“नाय पुरत तर नाय पुरत,” बाई म्हणाली. पुडी ठेवली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही.

विश्रामरावांची मुलगी केतकी. पुण्यात नोकरी, वडलांसाठी सुट्टी काढून आलेली. बापाच्या कटकटीला विटली आणि तिने लॅपटॉप आणून मांडीवर ठेवला. “बाबा, हा खेळ खेळा. तुम्हाला गाव चालवायची हौस आहे ना? चालवा!”

काय खेळ होता? ऐका. सगळी पृथ्वी बुडाली आहे. जमीन नावाला नाही. थोडी माणसं तराफ्यांवर उरलीत. तराफ्याला तराफा पुलाने जोडायचा आणि पाण्यावर गाव वसवायचं! गोड्या पाण्याची सोय करायची, मासे धरायचे, वाळवायचे, घरं बांधायची, आजाऱ्याला दवाखाना. तरंगतं गाव! आणि चालवणार कोण? तुम्ही. देव म्हणा, सरपंच म्हणा, तिथे फरक नाही.

विश्रामरावांनी आधी नाक मुरडलं. “ही पोरांची कामं.” तासाभराने केतकी जेवायला हाक मारते तर — “थांब गं! माझ्या लोकांना पाणी कमी पडलंय!” लागलं याड! गावाचं नावसुद्धा ठेवलं, नवी वारवली. मधोमध आपली कचेरी. भोवती घरं, बाग, फिरायला रस्ता. काय देखणं गाव! मासे वाळवायचे तराफे मात्र वास मारायला लागले, लोक कुरकुरायला लागले. मग ते दिले लोटून दूर, अगदी काठाला. एका पुलाने जोडलेले. तिथे राबणारी माणसंही तिथेच राहायला.

खेळात लाटा अडवायची भिंतही बांधता येत होती. केतकी म्हणाली, “बाबा, काठाला भिंत घाला. वादळ येतं या खेळात.” 

“घालतो गं. सामान कुठाय? आधी बाग होऊ दे.”

आणि वादळ आलं! पडदा काळा झाला. त्या काठच्या तराफ्यांना लाटा धडाधड बसायला लागल्या, सगळं गाव हिसके खायला लागलं. खेळाने विचारलं — पूल तोडायचा का? तोडला तर बाकीचं गाव वाचेल.

काय केलं असतं तुम्ही? ... गप्प का? विश्रामरावांनी तोडला. पटकन तोडला. गाव वाचलं! पण त्या सुटलेल्या तराफ्यावरची माणसं — बोटाएवढी माणसं हो, चित्रातली — तुटलेल्या पुलाच्या टोकाशी आली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली. ओरडली नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. नुसती उभी. आणि तराफा लांब लांब गेला.

“छे! खेळ तर आहे,” विश्रामराव म्हणाले. आणि गंमत पुढेच आहे. दोन-चार दिवस गेले, खेळातले दिवस, आणि वाचलेलं गाव उपाशी मरायला लागलं. खाणार काय? मासळी येत होती कुठून? जिचा वास येत होता, तिथूनच ना! बाग खा आता!

सरपंच चिडले. पुन्हा डाव मांडला. या वेळी मासळी मधोमध. तर लोक नाकं मुरडून होड्यांत बसून चालते झाले. पुन्हा मांडला. दवाखाना काठाला. वादळात आजारी माणसं गेली. कसंही मांडा, कोणीतरी काठावर येतंच! काठ नसलेलं गाव मांडताच येईना. शेवटी लॅपटॉप आपटायला निघाले.

“केतके, हा खेळच लबाड आहे! कुणाला ठेवू मी काठावर?”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमची कचेरी ठेवा की.”

“ठेवतो! मला काय भीती आहे?”

रागारागाने कचेरी उचलली आणि नेली काठाला, मासळीच्या शेजारी. आणि मंडळी, कचेरी तिथे टेकली मात्र — सरपंचांचा हात आपोआप भिंतीकडे गेला! घर नाही, बाग नाही, रस्ता नाही. आधी भिंत! लाकूड आणा, लोखंड आणा, भिंत! वादळ आलं. लाटा आपटल्या. भिंत हलली नाही. कचेरी वाचली, मासळी वाचली, माणसं वाचली.

“जिंकलो! बघ गं केतके, तुझा बाप जिंकला!” मोडका पाय विसरून माणूस खाटेवर नाचायचा बाकी राहिला.

केतकी आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “छान. बाबा, या वेळी लाकूड-लोखंड जास्त मिळालं होतं का?”

“नाही. तेवढंच.”

“मग आधी का पुरत नव्हतं?”

मंडळी... माणसाचं तोंड एकदम उतरलं. लोखंड तेवढंच. लाकूड तेवढंच. माणूसही तोच, सज्जन, कुणाचं वाईट न चिंतणारा! मग फरक कशाने पडला? काठावर तो स्वतः होता म्हणून. विश्रामरावांनी लॅपटॉप मिटला. यमुनाबायला काय म्हटलं होतं, ते त्यांना आठवलं. सामानच पुरत नाही, मी तरी काय करू? डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मुलीला म्हणाले, “केतकी, मी खोटं बोललो नव्हतो गं. मला खरंच वाटत होतं, पुरत नाही.”

प्लास्टर सुटलं. काठी टेकत सरपंच ग्रामसभेला आले आणि म्हणाले, “बंधारा होईपर्यंत पंचायतीच्या सगळ्या सभा खालच्या वाडीत. यमुनाबायच्या ओटीवर.”

गदारोळ! लॉजवाले बाळशेट उठले. “विश्रामराव, पाय बरा झाला, पण डोक्याचं काय?” हशा पिकला. सरपंचांनी ग्रामसेवकाला विचारलं, “नियमात बसतं का?” तो बिचारा घाम पुसत म्हणाला, “घर गावाच्याच हद्दीत आहे साहेब. बसतं.” 

गावाच्याच हद्दीत आहे! हेही विचारून घ्यावं लागलं बघा!

आषाढातली अमावास्या. भर दुपारी सभा. यमुनाबायच्या ओटीवर सतरंजी, खुर्च्या, सगळे पंच. चर्चा चालली आहे, बंधारा वरून की खालून. बाळशेट रंगात आलेत. “पर्यटन हा गावाचा कणा आहे! माझा वैयक्तिक स्वार्थ नाही! मला सगळं गाव सारखं—”

आणि आलं उधाण! पायरीवर पाणी. पायरी ओलांडून पाणी. सतरंजी भिजली, खुर्च्यांखालून पाणी घरात! पंचांनी धोतरं, विजारी सावरल्या, पाय खुर्चीवर! सगळे कोंबड्यांसारखे वर! आणि यमुनाबाय? घोट्याएवढ्या पाण्यातून चहाचा ट्रे घेऊन आली.

“पाय वर घ्या नि चाय घ्या. येतंय तसं जातंय. रोजचाच हाय.”

“अहो माझी चप्पल!” बाळशेट ओरडले. नवी कोरी चामड्याची चप्पल अंगणातून समुद्राकडे निघालेली! “चप्पल गेली माझी!”

बाई म्हणाली, “माझी मागल्या साली चूल गेली.”

एवढंच. आवाज चढवला नाही. बाळशेटना कप पुढे केला. त्यांनी घेतला, पण पिता येईना. पाण्याकडे बघत राहिले. तिच्या घरात, आतल्या खोलीपर्यंत पाणी होतं आणि मांडणीवरची भांडी तिने आधीच उंच फळीवर ठेवली होती. रोजची सवय! मग बाळशेटच म्हणाले, हळू आवाजात, “लिहा हो ग्रामसेवक. खालच्या टोकापासून सुरू करा.”

झाला बंधारा! पावसाळा सरल्यावर झाला. दारातला माड तोवर गेला, तो काही वाचला नाही. यमुनाबाय मुलाला म्हणाली, “माड दुसरा लावीन. तू सणाला इकडं ये.” बाई राहिली घरात.

आणि वरचं टोक? तिथे बंधारा पुरला नाही! मग हो? अहो, आता काठावर बाळशेट होते! मंत्र्यांकडे खेटे, जिल्ह्याला अर्ज, वर्तमानपत्रात फोटो. जो ‘पुढचा टप्पा’ वर्षानुवर्षं येत नव्हता, तो वर्षाच्या आत आला!

तर मंडळी, हसलात, आता माझ्याकडे बघा. आपल्यालाही सगळे सारखेच असतात ना? मग घरी गेल्यावर एवढंच करा. ज्या सुनेला ‘जरा थांब, होईल सगळं’ म्हणता, तिच्या जागी एक दिवस चुलीपुढे बसा. म्हाताऱ्या वडलांची खाट ज्या गळक्या पडवीत टाकलीय, तिथे एक रात्र तुम्ही झोपा. दुसऱ्या दिवशी कौलं बदलायला पैसे निघतात की नाही बघा! मला येऊन सांगा, निघाले नाहीत तर मी कीर्तन सोडीन.

आणि लांब कशाला जायचं? या मंडपात बघा ना. मी मघापासून बोलतोय ते या पुढच्या सतरंजीवरच्या मंडळींशी. पंखे इथे. कर्णा इथे. आणि त्या पत्र्याच्या कडेला, त्या शेवटच्या खांबामागे, पागोळ्या अंगावर घेत बायका बसल्यात. माझा शब्द तरी नीट ऐकू आला का तुम्हाला? ... बघा, मान हलवतात! नाही म्हणतात! आणि इतका वेळ मी सगळ्यांना सारखं सांगत होतो!

पेटीवाले काका, उचला पेटी. तबला घ्या रे. उठा, उठा, जागा द्या. काय म्हणता नाना? देवाला पाठ होईल? होऊ दे. त्याला मी ओळखतो, तो रागावायचा नाही. तुम्ही सगळे इकडे तोंड करा. आजी, जरा सरका, मला उभं राहू द्या तुमच्या शेजारी. अरे बापरे, इथे तर मानेवर धार लागते! अध्यक्षसाहेब, या पत्र्याचं काय ते उद्या बघा हो. उद्या का? आत्ताच बघा, मी भिजतोय!

हां. आता माझ्यामागून म्हणा. ओळ माझीच आहे, साधीच आहे —

काठावरी घर । ज्याची भिजे ओटी ।
जाई त्याचे भेटी । आधी मना ॥