माठाखालची बर्फी

चहा निवायच्या आत सांगून होईल, ऐका. मला साध्या चपला घ्यायच्या तरी चार दुकानं फिरावी लागतात, आणि घरी आल्यावर वाटतं, पहिल्याच बऱ्या होत्या. पण मागच्या हिवाळ्यात नागपूरला मित्राकडे त्याची पांढरी, झुबकेदार पर्शियन मांजर माझ्या मांडीवर येऊन झोपली, आणि मी तिला मित्राकडून मागून सरळ चंद्रपूरला घरी घेऊन आलो. नाव ठेवलं बर्फी. जातीबद्दलचं पुस्तक नंतर वाचलं. या मांजरांना उकाडा सोसत नाही म्हणे.

बायको म्हणाली, "गावातली आनली असती तं तिनं आपलं आपुन पाहून घेतलं असतं. आता हिले उन्हाळ्यात कुठी ठेवता?"

कूलरसमोर ठेवली. मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली, कूलर थांबला आणि बर्फी दिसेना. पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं. हौसेपायी जीव घेतला तिचा, असं वाटून मी तिला हाका मारत घरभर फिरलो.

"काऊन घाबरून राह्यले? इकडं या," बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

तिवईवरचा माठ पाझरत होता. खालच्या ओल्या रेतीत बर्फी चारी पाय पसरून निवांत पडली होती. घरातली सगळ्यात थंड जागा तिनं न विचारता शोधली होती.

"आता हिले तुमचं पुस्तक वाचून नोका दाखवू," बायको म्हणाली.

मी शेजारी फरशीवर बसलो. बर्फीनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली.