सायकलला हवा

प्रबंध बांधून देणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते.

“बाबा, पहिल्याच पानावर तुमच्या खर्चाच्या वहीचे आभार मानलेत.”

“तुझ्या इलेक्ट्रॉनच्या गिरकीशी माझ्या वहीचा काय संबंध?”

“आठ महिने प्रयोगाचे आकडे मधूनच घसरायचे. सर म्हणाले, यंत्रच भंगारात काढू. मग एकदा घरी तुमची वही चाळली. ज्या तारखांना ‘सायकलला हवा’ लिहिलंय, नेमके त्याच तारखांना घसरलेत.”

“त्या दिवशी हवा भरूनच मी तुला डबा द्यायला यायचो.”

“आणि सायकल आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकवायचात. भिंतीपलीकडेच आमचं चुंबक. एवढं लोखंड जवळ आलं की ते बिथरायचं.”

“म्हणजे घोळ मीच घातला.”

“तुम्हीच घातलात आणि तुम्हीच लिहून ठेवलात.”

“तुझी आई हसायची, हवेचा कसला हिशोब ठेवता म्हणून.”

“तिला दाखवलं मी ते पान.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आता हे माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार.”

“वाटणारच. आज दुपारी डबा आणू का?”

“आणा. सायकल तेवढी फाटकाबाहेर लावा.”

“लावतो. हवा सकाळीच भरलीय. लिहूनही ठेवलंय.”