डावा गाल, उजवा गाल आणि आप्पांची पाठ

मातीच्या लेपाने चेहऱ्याची रंध्रे खरोखर आकसतात, की मळ निघाल्यामुळे नुसती लहान दिसतात, हा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला त्याने महिनाभर छळले. रसायनशास्त्र शिकवत असल्याने मी मुलतानी माती फक्त डाव्या गालाला लावत होते. उजवा तुलनेसाठी मोकळा ठेवला होता.

शिवाजी पेठेतले आमचे शेजारी आप्पा, उमेदीच्या काळातले नावाजलेले पैलवान, एका सकाळी माझा अर्धा लेपलेला चेहरा पाहून दारातच थबकले.

"बाई, ही बाजारची माती कशाला? तालमीची लावा की. ताक, हळद, लिंबू, तेल, समदं मुरलेलं असतंय. माझं तोंड बघा. सत्तरीत एक भोक दिसतंय काय?"

चेहरा नितळ होता, हे मान्यच. "पण तो मुळातच तसा असेल तर? माती न लागलेला भाग पाहिल्याशिवाय मी निष्कर्ष काढणार नाही."

"मग पाठ बघा," म्हणत आप्पांनी सदरा वर केला. "पाठ टेकली की कुस्ती गेली. उभ्या जन्मात माझ्या पाठीला माती लागली न्हाय."

मी चष्मा लावून पाहिले. "आप्पा, पाठही चेहऱ्याइतकीच नितळ आहे. म्हणजे एक तर मातीत गुण नाही, किंवा…"

"किंवा काय?"

"किंवा पाठीलाही ती पुष्कळदा लागली असावी."

आप्पांनी सावकाश सदरा खाली ओढला. ज्या मातीच्या पाया पडल्याशिवाय ते कधी कुस्तीच्या हौद्यात उतरले नव्हते, तिचा निकाल त्यांना आता लावायचा होता.

"मातीत काय न्हाय, बाई," ते म्हणाले. "तुमची मुलतानीच बरी."