टाकीत पाच फूट, मोबाईलवर बाराशे ऐंशी

माझी आई ऊसतोड करते, पण माझ्या कोडमधली चूक तिनंच काढली. ऐका.

शिरूर कासारजवळ आमच्या गावच्या टाकीला मी पाणी मोजायचं यंत्र बसवलं. टाकीत पाणी पाच फूट, मोबाईलवर बाराशे ऐंशी. गाव दोन दिवस हसत होतं.

आईला सांगितलं, "अगं, यंत्र आकड्याचे दोन तुकडे करून पाठवतं. मी ते मोबाईलवर जोडते, पहिल्या तुकड्याची किंमत दोनशे छप्पन्नपट धरून."

"मंग त्यानं उसाचा बुडखा पुढं धरला आसंल अन् तू शेंडा. फिरव की मोळी."

तुकड्यांचा क्रम फिरवला. पाच फूट दिसले.

सरपंच म्हणाले, "मावशी, लेकीला लई शिकवलंत तुमी."

आई म्हणाली, "शिकली हाय, पण मोळी अजून मलाच बांधावी लागती."