आप्पांसाठी बसवलेली प्रॉक्सी

आमच्या बेळगावच्या हापिसातल्या हेडक्लार्क आप्पांचं नाव काढू नकोस रं, माझं डोस्कं अजून फिरतंय. हापिसच्या नेटवर निम्म्या साइट बंद. आप्पा रोज माझ्या खुर्चीमागं उभे. "मराठी पेपर तरी वाचू दे की रं. पण माझ्या ब्राउझरात काय बदलू नकोस, मला त्यातलं कळत न्हाय."

म्हणून मी मुंबईतला सर्व्हर भाड्यानं घेऊन वेब प्रॉक्सी बसवली. एक पान उघडायचं, त्यातल्या खोक्यात साइटचा पत्ता टाकायचा, की ती साइट त्या मुंबईच्या सर्व्हरमार्फत उघडती, बास. सेटिंगला हात लावायची गरजच न्हाय. आप्पा दोन म्हैने खूश.

मग त्यांच्या लेकीच्या कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख आली. ती साइट हापिसात बंद बी न्हवती, पण आप्पांनी सवयीनं त्याच पानातून उघडली. साइटवर आलं, "तुम्ही महाराष्ट्रात आहात. हा अर्ज फक्त कर्नाटकातून भरता येईल." झालं. सगळ्या हापिसासमोर मला म्हणाले, "पोरीचं वाटोळं तूच केलास."

मी म्हटलं, "आप्पा, सर्व्हर मुंबईत हाय, म्हणून साइटला तुम्ही मुंबईत दिसताय. ते पान बंद करून सरळ उघडा." ऐकतंय कोण?

आता तूच सांग. बेळगाव महाराष्ट्रात घाला म्हणून ज्या माणसानं हरेक मोर्चात घसा फोडला, तोच माझी कॉलर धरून म्हणतोय, "ते काय बी असू दे, मला आधी कर्नाटकात घाल."