हीटरची सैल वायर

वायरी मी तीनदा सोडवल्या की चारदा, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. मळवलीच्या थंडीनं हिचा दमा बळावला होता. खोली गार झाली की हीटर आपोआप लागावा म्हणून मी थर्मोस्टॅट आणला. जन्मभर कॉलेजात वीज शिकवली, आता वायरमनला कुठल्या तोंडानं बोलावणार?

डबी भिंतीवर बसवली, वायरी जोडल्या. हीटर ढिम्म. ही शाल गुंडाळून खोकत होती.

बंगला सांभाळणाऱ्या शेवंताबाई डोकावल्या. "आबा, ह्या भिंतीमागं माजी चूल हाय. भिंत तापती, मग तुमच्या डबीला थंडी कशी कळायची?"

"शेवंताबाई, भिंत नऊ इंची आहे. चूक वायरींतच आहे."

"असंल. तुमी शिकल्यालं," म्हणाल्या आणि गेल्या.

"अहो, ऐका की त्यांचं," ही म्हणाली.

"पुन्हा जोडतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रू आवळला आणि हीटर लागला! हिनं शाल उतरवली. तेव्हा तळेगावला फोन करकरून तुम्हा कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांनाच तर सांगितलं होतं, की एक वायर सैल होती म्हणून.

पण मनातली शंका जाईना. काही वर्षांनी धीर करून शेवंताबाईंना विचारलं, हीटर लागला त्या दिवशी तुम्ही काही केलं होतं का?

"व्हय," त्या म्हणाल्या, "त्या दिशी सकाळीच मी चूल मागं पडवीत नेली. आजी लय खोकत व्हत्या, अन् तुमी काय ऐकणार न्हवता."