आजोबांच्या बंदुकीतली पोकळी

नाही लेलंड, तुझ्या या चारही नव्या बंदुकांत माग सांगणारी चिप नाही – दरवर्षीसारख्याच खोलून पाहिल्या. बस, कॉफी घे. तुझ्या आजोबांची बंदूक अजून उघडायचीय. नको? ती चिप निघायच्या आधीची, म्हणून? न्याहारीच्या टेबलावर तूच सगळ्यांना सांगतोस – आपली बंदूक कुठंय ते सरकारला कशाला कळायला हवं, नव्यांवर भरवसा नको, जुनं लोखंड चुगली करत नाही. आम्ही माना डोलावतो. मीही – मलाही कुणी मागावर नकोच आहे. पण लेका, दस्त्याच्या टोकाला पोलादी पट्टी आहे ना, तिच्यामागं पोकळी असते – तुझे आजोबा तेलाची कुपी ठेवायचे ती – तिथं कधी बोट घातलंस?

मॅबेल आठवते? माझी कुत्री. बायको गेल्यावर तिच्याच पलंगाखाली झोपायची – तुला कशाला सांगतोय मी हे. गेल्या मोसमात तुझ्या एल्कमागं – त्या बारशिंग्यासारख्या हरणामागं – भुंकत धावली आणि कुंपणापाशी पडली. कुणी परका शिकारी असेल, म्हणालास. टोपी काढून म्हणालास. मी तिच्या बरगडीतून गोळी काढली, लेलंड. तसली जाड, जुनी गोळी या खोऱ्यात एकच बंदूक खाते – आणि ती काडतुसं तुला मीच भरून देतो.

मग मी काय केलं? कुत्रं डोंगरात हरवू नये म्हणून गळपट्ट्यात ठिकाण कळवणारं यंत्र असतं ना – मॅबेलच्या गळ्यातलं ते तुझ्या पोकळीत बसवलं. अगदी चपखल बसलं. बॅटरी संपत आली की तूच यायचास, बंदुकीला जरा तेल दे म्हणत. नाल्याकाठी एकटा एल्कची वाट बघत बसायचास – आणि वरच्या कड्यावर मी. हातात दुर्बीण. नुसती दुर्बीणच होती असं नाही – ते जाऊ दे.

शेरीफला सांगतोस? सांग की. पण टेबलावरच्यांनाही सांग – आजोबांच्या बंदुकीनं लेलंडची चुगली केली. कॉफी थंडगार होईपर्यंत हसतील.

काढलं का ते यंत्र, विचारतोस? काढलं असेल मी. नाहीतर नव्यांपैकी एकीत गेलं असेल – चारही साफ आहेत म्हणालो, तेव्हा मान कोण डोलावत होतं? खोलून बघ. समाधान होईना तर परत खोल. उद्या मोसम सुरू होतोय, नाल्याकाठी जाशीलच ना.

ने त्या सगळ्या. आणि यापुढं तपासायला दुसरा कुणी बघ. दार ओढून घे जाताना.